नास्तिकाचा येशू

येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा पहिला चित्रपट मी पाहिला तो चर्चच्या आवारात, दोन बांबूंना ताणून बांधलेल्या पांढऱ्या पडद्यावर. नाताळचा आठवडा होता. थंडी बऱ्यापैकी होती आणि अख्खी वस्ती शाली, घोंगड्या पांघरून जमिनीवर बसली होती. चित्रपट होता ‘दयासागर’. १९७८ सालच्या ‘करुणामयुडु’ या तेलुगू चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती धर्मप्रसारक मंडळी प्रोजेक्टर घेऊन गावोगाव दाखवत. येशूच्या तळहातांवर खिळे ठोकले जाऊ लागले, तशा आमच्या वस्तीतल्या बायका तोंडाला पदर लावून रडू लागल्या. त्यांत ख्रिस्ती होत्या तशा इतरही होत्या. मीही रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सार्वजनिक नळावर हंड्यांच्या रांगेवरून रोजचंच भांडण झालं, आणि आदल्या रात्री सर्वांत जास्त रडलेल्या दोघीजणीच त्यात आघाडीवर होत्या.

त्यांचं रडणं खोटं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण एक प्रश्न मनात घर करून बसला. भक्तिपट पाहून माणसाला जे ‘पटतं’, ते नेमकं काय असतं? डोळ्यांतून पाणी आलं म्हणजे पटलं का? आणि ज्याची श्रद्धाच नाही, त्याला असा चित्रपट काही पटवू शकतो का?

पुढे चित्रपटांचा नाद लागल्यावर या विषयावरचे जमतील तेवढे चित्रपट मी पाहिले. सेसिल बी. डिमिलचा १९२७ सालचा ‘किंग ऑफ किंग्ज’ पाहिला. जॉर्ज स्टीव्हन्सचा १९६५ सालचा ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ पाहिला. त्यात अमेरिकेतल्या लाल डोंगरांना पॅलेस्टाईन करून उभं केलं आहे आणि क्रुसाखाली रोमन अधिकाऱ्याच्या वेशात चक्क जॉन वेन उभा आहे. मेल गिब्सनचा २००४ सालचा, रक्तानं निथळणारा ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’ही पाहिला. या मंडळींच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पैसाही त्यांनी हात राखून खर्च केला नाही. पण यांतल्या बहुतेक चित्रपटांचं एक ठरून गेलेलं असतं. चमत्कार व्हायच्या आधीच व्हायोलिनं सुरू होतात. येशू पडद्यावर आला की प्रकाश बदलतो, आवाज खर्जात जातो, पावलं संथ होतात. आता हात जोडा, आता डोळे पुसा, अशी सूचना जणू पडद्यामागून कुणीतरी देत असतं. ज्याचे हात आधीच जोडलेले आहेत त्याला यात काहीच खटकत नाही. बाकीचे मात्र दाराबाहेर उभे राहतात.

मला दाराच्या आत नेलं ते एका नास्तिकानं. तो कम्युनिस्ट विचारांचा होता, चर्चच्या लेखी बदनाम होता, आणि येशूवरचा चित्रपट सुरू करण्याच्या जेमतेम वर्षभर आधी धर्माचा अवमान केल्याबद्दल त्याला न्यायालयानं शिक्षा सुनावली होती. त्याचं नाव पिएर पाओलो पाझोलिनी. या माणसाचं आयुष्य आज सांगावंसं वाटतं, कारण त्याचा तो चित्रपट त्याच्या आयुष्यातूनच उगवला आहे.

पाझोलिनीचा जन्म ५ मार्च १९२२ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील लष्करात अधिकारी, स्वभावानं करडे, मुसोलिनीच्या फॅसिस्ट राजवटीचे समर्थक. आई सुझान्ना शाळेत शिक्षिका होती. ईशान्य इटलीतल्या फ्रिऊली प्रांतातलं कासार्सा हे तिचं माहेर. आईवडिलांचं फारसं पटत नसे आणि मुलाचा सगळा ओढा आईकडे होता. वडिलांच्या बदल्यांमुळे घर सतत हलायचं, पण सुट्टी लागली की मुलं आजोळी. तिथल्या शेतकऱ्यांची बोली त्याच्या कानांत अशी बसली की १९४२ साली, विशीत, त्यानं आपला पहिला कवितासंग्रह त्या बोलीतच छापला. मुसोलिनीच्या राज्यात बोलीभाषांकडे वाकड्या नजरेनं पाहिलं जात होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या हट्टाचं मोल कळतं.

युद्ध पेटलं. वडील आफ्रिकेत ब्रिटिशांचे कैदी झाले. आई आणि दोन मुलं आजोळी येऊन राहिली. बाँबच्या भीतीनं मुलांना शाळेत जाता येईना, तेव्हा माय-लेकानं घरातच शाळा भरवली. धाकटा भाऊ ग्वीदो मात्र बंदूक घेऊन डोंगरात गेला. जर्मनांशी लढणाऱ्या स्वयंसेवकांच्या तुकडीत तो सामील झाला होता. फेब्रुवारी १९४५मध्ये, युद्ध संपायला तीन महिनेही उरले नसताना तो मारला गेला. त्याला मारलं ते जर्मनांनी नव्हे, प्रतिकार चळवळीतल्याच दुसऱ्या, कम्युनिस्ट गटाच्या माणसांनी. ग्वीदो तेव्हा १९ वर्षांचा होता. घरी बातमी पोचली ती युद्ध संपता संपता. आईच्या त्या वेळच्या आक्रोशाची आठवण पाझोलिनीनं आयुष्यभर वागवली. आणि तरीही दोनच वर्षांत तो स्वतः कम्युनिस्ट पक्षात गेला. भावाच्या मारेकऱ्यांचा झेंडा त्यानं कसा धरला, असा प्रश्न आपल्याला पडतो. खेड्यातल्या शेतमजुरांच्या बाजूचं त्याला तिथे दुसरं कुणी दिसत नव्हतं, एवढंच त्याचं उत्तर दिसतं.

तो गावच्या शाळेत शिक्षक झाला, मुलांचा लाडका झाला. पण १९४९ साली त्याच्यावर अल्पवयीन मुलांशी असभ्य वर्तन केल्याचा आरोप आला. पुढे अपिलात पुराव्याअभावी तो सुटला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो समलिंगी आहे हे चारचौघांत उघड झालं. नोकरी गेली. पक्षानंही काढून टाकलं. घरी वडिलांच्या रागाला पारावार उरला नाही. जानेवारी १९५०मध्ये आईला बरोबर घेऊन, थोडंसं सामान उचलून त्यानं रोमची गाडी पकडली.

रोममधली पहिली वर्षं हलाखीची गेली. शिक्षिका असलेल्या आईनं एका घरी कामाला राहून दिवस काढले. मुलगा शहराच्या कडेला, तुरुंगाजवळच्या एका ओसाड वस्तीत राहू लागला आणि दोन-दोन बस बदलून एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवायला जाऊ लागला. शहराच्या त्या काठावर, चिखलात आणि पत्र्याच्या खोपट्यांत, दक्षिणेतून पोटासाठी आलेली माणसं राहत होती. उनाड पोरं, छोटे चोर, रस्त्यावरच्या बायका. त्यांची भाषा पाझोलिनीनं पुन्हा आपल्या त्या बोलीवेड्या कानांनी टिपली. १९५५ साली आलेल्या त्याच्या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो एकदम प्रसिद्ध झाला. फेलिनीनं त्याला आपल्या चित्रपटाच्या संवादांसाठी मदतीला बोलावलं. १९६१ साली त्यानं स्वतःचा पहिला चित्रपट केला, ‘अक्कातोने’. त्यात वस्तीतली दोन माणसं धुळीत लोळून मारामारी करतात आणि मागे बाखचं, चर्चमध्ये वाजावं असं संगीत वाजतं. लोक चिडले. पण या माणसाला पवित्र काय वाटतं, हे त्या एका प्रसंगातच दिसलं होतं.

इथे आपल्या दृष्टीनं एक मौजेची गोष्ट सांगायला हवी. १९६०-६१च्या हिवाळ्यात पाझोलिनी भारतात आला होता. बरोबर कादंबरीकार आल्बेर्तो मोराव्हिया आणि लेखिका एल्सा मोरांते होते. मुक्काम पडला तो मुंबईत, ताजमहाल हॉटेलात. पहिल्याच रात्री, मध्यरात्र होत आली असताना तो गेट वे ऑफ इंडियाच्या परिसरात भटकायला बाहेर पडला. पुढे कलकत्त्यात तो मदर तेरेसांनाही भेटला. या प्रवासावर १९६२ साली त्याचं छोटंसं पुस्तक निघालं. फुटपाथवर झोपलेली माणसं, त्यांचे हसरे, अंग चोरणारे चेहरे याविषयी त्यानं त्यात लिहिलं आहे. काही ठिकाणी तो परक्या पाहुण्यासारखा चुकतोही. पण गरिबाच्या चेहऱ्यासमोर थांबून राहायची त्याची सवय त्या पुस्तकातही दिसते आणि दोनच वर्षांनी केलेल्या येशूपटातही दिसते.

आता ऑक्टोबर १९६२. संत फ्रान्सिसच्या असिसी गावात एका कॅथलिक संस्थेचा पाहुणा म्हणून पाझोलिनी उतरला होता. ही संस्था कलावंतांना, मग ते श्रद्धाळू असोत वा नसोत, चर्चेला बोलवत असे. ४ ऑक्टोबरला पोप तेविसावे जॉन असिसीला आले. गावातले रस्ते माणसांनी तुंबले. पाझोलिनीला कुठे बाहेर पडता येईना, आणि खरं म्हणजे पडायचंही नव्हतं. खोलीत खाटेजवळ बायबलमधल्या शुभवर्तमानांची प्रत ठेवलेली होती. बाहेर घंटा वाजत असताना त्यानं ती उघडली आणि एका बैठकीत वाचून काढली. मत्तयाच्या शुभवर्तमानानं त्याला धरून ठेवलं. त्याच दिवशी त्याच्या डोक्यात चित्रपटाचं बी पडलं.

पण आधी झालं भलतंच. त्याच हिवाळ्यात त्यानं ‘ला रिकोत्ता’ नावाचा अर्ध्या तासाचा चित्रपट केला, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं तो फार महत्त्वाचा आहे. त्यात एक चित्रपट कंपनी येशूच्या मरणावर भव्य रंगीत चित्रपट काढत असते. ऑर्सन वेल्सनं त्यातल्या दिग्दर्शकाचं काम केलं आहे. कलाकार मखमली कपड्यांत, जुन्या चित्रांतल्यासारखे उभे केलेले, पण कुणाचंच लक्ष कामात नाही. येशूशेजारच्या क्रुसावरच्या चोराचं काम करायला एक भुकेला गरीब माणूस आणला आहे. आपलं जेवण तो बायको-मुलांना देऊन टाकतो. मग कसेबसे पैसे मिळवून चीज विकत आणतो, अधाशासारखं खातो, आणि कॅमेरा सुरू होईपर्यंत क्रुसावरच मरून जातो. येशूच्या मरणाचा देखावा उभारणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांदेखत एक माणूस मरतो आणि त्यांना कळतही नाही! भक्तिपटांवर याहून जळजळीत टीका मी पाहिलेली नाही. पण सरकारी वकिलाला त्यात धर्माचा अपमान दिसला. मार्च १९६३मध्ये पाझोलिनीला चार महिन्यांची, स्थगित ठेवलेली शिक्षा झाली. पुढच्या वर्षी अपिलात तीही रद्द झाली.

अशा माणसाला येशूवर चित्रपट काढायला पैसे कोण देणार? निर्माता आल्फ्रेदो बिनी त्याच्या पाठीशी उभा राहिला. आणि असिसीच्या त्या संस्थेनंही पाठ फिरवली नाही, हे मला विशेष वाटतं. तिथल्या एका धर्मगुरूला सोबत घेऊन पाझोलिनी १९६३च्या उन्हाळ्यात पॅलेस्टाईनला जागा पाहायला गेला. जागा पाहून त्याची निराशा झाली. नवी घरं, नवी शेतं, कारखाने. दोन हजार वर्षांपूर्वीचं काही तिथे उरलं नव्हतं. मग त्यानं आपल्याच देशाच्या दक्षिणेकडे मोर्चा वळवला. तिथे मातेरा नावाचं गाव आहे. डोंगराच्या कपारीत कोरलेल्या घरांत तिथे माणसं आणि गुरं एकत्र राहत. ही देशाची लाज आहे असं म्हणून सरकारनं १९५२ साली कायदा करून लोकांना तिथून हलवायला सुरुवात केली होती. पाझोलिनीनं त्या गावाचं यरुशलेम केलं. आज तेच मातेरा जागतिक वारसा म्हणून मिरवतं, २०१९ साली ते युरोपची सांस्कृतिक राजधानीही झालं, आणि गिब्सननंही आपला येशू तिथेच चित्रित केला. वाट कुणी पाडली होती, ते सांगायला नको.

येशूच्या भूमिकेसाठीही त्यानं कुणी नट घेतला नाही. स्पेनमधल्या फ्रँकोच्या हुकूमशाहीविरुद्ध विद्यार्थ्यांच्या लढ्याला पाठिंबा मागायला १९ वर्षांचा एक विद्यार्थी इटलीत आला होता. एन्रिके इराझोकी त्याचं नाव. मदत मागायला तो पाझोलिनीकडे आला आणि पाझोलिनी त्याच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला. मुलगा आधी नाही म्हणाला, मग मोठ्या मिनतवारीनं तयार झाला. जोडलेल्या भुवया, काळेभोर डोळे, अंगानं किडकिडीत. यहूदाच्या भूमिकेत एक ट्रक ड्रायव्हर होता. शिष्यांमध्ये आणि इतर भूमिकांत त्याचे कवी-लेखक मित्र होते. बाकी सगळे दक्षिणेतले शेतकरी. रापलेले, दात पडलेले, सुरकुतलेले हे चेहरे कॅमेऱ्याकडे नुसते पाहतात, आणि मला तर वाटतं या चित्रपटाचं निम्मं काम तेच करतात.

चित्रपट कृष्णधवल. संवाद मत्तयाच्या शुभवर्तमानातले. पाझोलिनीनं काही प्रसंग गाळले, पण पदरचं वाक्य येशूच्या तोंडी घातलं नाही. मत्तयाचा येशू मवाळ नाही. तो घाईत असतो. चालता चालता मागे वळून शिष्यांशी बोलतो, ढोंगी धर्ममार्तंडांवर आसूड ओढतो, सगेसोयरे सोडून मागे या म्हणतो. डोंगरावरचं प्रवचन आपण डोळ्यांसमोर आणतो ते हिरव्या टेकडीवर पांगलेल्या गर्दीसमोर. पाझोलिनीनं नुसता चेहरा दाखवला आहे, जवळून. मागे कधी उजेड, कधी अंधार, कधी वारा. आणि चमत्कार? कुष्ठरोग्याचा विद्रूप चेहरा दिसतो, येशू दिसतो, पुन्हा तो चेहरा दिसतो आणि तो निकोप असतो. ना धूर, ना झगझगाट. एखादी सासुरवाशीण आईला गावाकडची बातमी सांगते तसा साधेपणानं सांगितलेला चमत्कार.

हा साधेपणा त्याला आयता सापडला नव्हता. सुरुवातीला त्यानं आपल्या जुन्या पद्धतीनं चित्रण केलं होतं, म्हणजे समोरून, संथ, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं. ती पद्धत उनाड पोरांवर शोभली होती, कारण तिनं क्षुल्लक माणसाला पावित्र्य दिलं होतं. तीच पद्धत येशूवर वापरल्यावर सगळं गुळगुळीत आणि खोटं दिसू लागलं. जे मुळातच पवित्र त्याला आणखी पवित्र करायला गेलं की नाटकी होतं. हे ध्यानात आल्यावर त्यानं एकदम रीत बदलली. कॅमेरा हातात घेतला, लांबून पाहणारी भिंगं लावली, बातमीपटासारखं चित्रण सुरू केलं. येशूवरचा खटला तर त्यानं गर्दीच्या डोक्यांवरून, लांबून दाखवला आहे. मध्ये कुणाचं तरी डोकं येतं, नीट दिसत नाही. गर्दीत लपून पाहणाऱ्या पेत्राला जेवढं दिसलं असेल तेवढंच आपल्याला दिसतं. आपणही त्या भित्र्या गर्दीतलेच एक होऊन जातो. भक्तिपट करणाऱ्यांनी शिकावं असं काही असेल, तर ते मला याच प्रसंगात दिसतं.

स्वतःच्या नास्तिकपणाची अडचण त्यानं अशीच सोडवली. आपला विश्वास नाही, मग ही कथा सांगायची कुणाच्या डोळ्यांनी? ज्यांचा विश्वास आहे अशा, दक्षिणेतल्या अडाणी माणसांच्या डोळ्यांनी. त्यांच्या श्रद्धेची त्यानं टिंगल केली नाही आणि आपल्याला ती आहे असं सोंगही आणलं नाही. संगीतातही हीच उदारता आहे. बाख आणि मोझार्टच्या जोडीला अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं पोरकेपणाचं गाणं आहे, आणि शेवटी येशू पुन्हा उठल्यावर शिष्य आनंदानं धावत सुटतात तेव्हा काँगोतल्या मुलांच्या आवाजातली, ढोलांच्या ठेक्यावरची प्रार्थना दणाणते.

आणि क्रुसाखालची मरिया. तरुण मरिया एका कोवळ्या मुलीनं केली आहे, पण म्हाताऱ्या मरियेसाठी पाझोलिनीनं स्वतःच्या आईला उभं केलं. सुझान्ना तेव्हा ७३ वर्षांची होती. तिनं कधी अभिनय केला नव्हता. काळं वस्त्र गुंडाळलेली ही म्हातारी क्रुसाकडे पाहते, तिचं तोंड वेडंवाकडं होतं, पाय लटपटतात, बाकीचे तिला सावरतात. १९ वर्षांच्या ग्वीदोला जाऊन तेव्हा १९ वर्षं झाली होती. आणि क्रुसावर मुलाच्या जागी होता तोही १९ वर्षांचाच पोर. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या थोरल्या मुलाच्या मनात काय चाललं असेल, याची कल्पनाही करवत नाही. पडद्यावर मी शेकडो मरिया रडताना पाहिल्या. ही एकच अशी, की तिच्यासमोर रडायचीही लाज वाटली.

४ सप्टेंबर १९६४ रोजी व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. बाहेर उजव्या गटाच्या तरुणांनी निदर्शनं केली. आत चित्रपटाला परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं आणि कॅथलिक चित्रपट संघटनेचंही. पुढे रोममध्ये धर्मपरिषदेला जमलेल्या बिशपांनीही तो पाहिला. आता पाझोलिनीचे डावे मित्र रुसले. कम्युनिस्टानं चमत्कार दाखवावेत म्हणजे काय! धर्मवाल्यांनी शिक्षा केली आणि धर्म न मानणाऱ्यांनी बोल लावला, अशी त्याची दोन्हीकडून कोंडी झाली. त्यानं चित्रपट अर्पण केला होता तो पोप तेविसाव्या जॉन यांच्या स्मृतीला. ते जून १९६३मध्येच वारले होते. चित्रपटाच्या नावात त्यानं मत्तयामागे ‘संत’ लावला नव्हता. परदेशात वितरकांनी तो लावला, हे त्याला आवडलं नाही. चर्चचा निवाडा पुढे आणखी स्पष्ट झाला. चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकननं ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी केली, तिच्या धर्मविषयक भागात हा चित्रपट आहे. २०१४ साली तर व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं येशूवरचा हाच बहुधा सर्वोत्तम चित्रपट, असा कौल दिला.

पाझोलिनीचं पुढचं आयुष्य शांत नव्हतं. १९६८ साली ‘तेओरेमा’ या चित्रपटावरून पुन्हा वादळ उठलं. कॅथलिक संघटनेनं त्यालाही पारितोषिक दिलं आणि व्हॅटिकननं मग त्यावर कोरडे ओढले. त्याच वर्षी त्यानं भारतावर एक लहान माहितीपट केला. भुकेल्या वाघाच्या पिल्लांना आपला देह देणाऱ्या राजाची जुनी कथा आजच्या भारतात कुणाला पटेल का, असं तो मुंबईच्या रस्त्यांवर लोकांना विचारत हिंडतो. प्रश्न तोच होता. श्रद्धेची गोष्ट आज पटवायची कशी? संत पॉलला आजच्या न्यूयॉर्कमध्ये आणणारी एक पटकथाही त्यानं लिहून ठेवली, पण ती पडद्यावर आलीच नाही. २ नोव्हेंबर १९७५च्या पहाटे, रोमजवळच्या ओस्तियाच्या किनाऱ्यावर त्याचा छिन्नविच्छिन्न मृतदेह सापडला. १७ वर्षांच्या एका मुलाला शिक्षा झाली. ३० वर्षांनी त्यानं जबानी फिरवली, आणि खरं काय घडलं ते आजही अंधारात आहे. म्हाताऱ्या सुझान्नाला दुसरा मुलगाही गमवावा लागला. पडद्यावर तिनं जे केलं होतं, ते अकरा वर्षांनी पुन्हा तिच्या वाट्याला आलं. १९८१ साली ती गेली. कासार्साच्या दफनभूमीत माय-लेक शेजारी शेजारी आहेत.

हा चित्रपट पाहताना मला आपल्या ‘संत तुकाराम’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दामले-फत्तेलालांचा १९३६ सालचा हा चित्रपट दुसऱ्याच वर्षी व्हेनिसलाच गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा आपल्याला पटतो यात नवल नाही. पण मला वाटतं, तो पटतो त्याचं निम्मं श्रेय गौरीनं उभ्या केलेल्या जिजाईला आहे. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे, आणि ती विठोबाला खडे बोल सुनावते. तिचा राग खरा आहे म्हणून तुकोबाची भक्ती खरी वाटते. ज्या चित्रपटात न मानणाऱ्याला बसायला जागा असते, तिथेच मानणाऱ्याचं म्हणणं ऐकू येतं. फाळकेही १९१०च्या सुमारास मुंबईत येशूचा चित्रपट पाहायला बसले होते ते ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्या पडद्यावर त्यांना आपला कृष्ण दिसू लागला. श्रद्धेचा खरा चित्रपट दुसऱ्याच्या श्रद्धेलाही जागं करतो, हे आपल्या चित्रपटाच्या जन्मकथेतच लिहिलेलं आहे.

पाझोलिनीचा चित्रपट मी पाहिला तो एका फिल्म सोसायटीत, घडीच्या लोखंडी खुर्चीवर बसून. प्रत जुनी होती, मध्ये दोनदा तुटली. दिवे लागले तेव्हा कुणी रडत नव्हतं आणि कुणी बोलतही नव्हतं. घरी आलो. फार पूर्वी रेल्वे स्टेशनवर कुणीतरी हातात दिलेला मराठी नवा करार पुस्तकांच्या फळीवर मागे कुठेतरी पडून होता. तो शोधून काढला, धूळ झटकली आणि मत्तय उघडला. संपवला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. मी ख्रिस्ती झालो नाही. देव आहे की नाही, याचंही उत्तर मला मिळालं नाही. पण असिसीतल्या त्या खोलीत एका नास्तिकानं जे केलं होतं तेच मी त्या रात्री माझ्या खोलीत केलं होतं.

सकाळी नळावर पाण्याला गेलो तेव्हा नेहमीसारखंच भांडण पेटलेलं होतं. एरवी मी तोंड फिरवून उभा राहिलो असतो. त्या दिवशी एका म्हातारीचा हंडा रांगेत पुढे सरकवला आणि चार शिव्या खाल्ल्या. चित्रपटानं मला काही पटवलं असेल, तर ते एवढंच.